‘रि’ म्हणजे परत

माझ्या नवऱ्याची वाचा गेली आणि एवढ्या बोलक्या माणसाच्या तोंडात एकच शब्द उरला. तो शब्द ‘परत’.

आधी तो माणूस कसा होता ते सांगते. तो बसमध्ये कंडक्टर होता. मुलुंड चेकनाक्यावरून निघून कुर्ल्याला जाणाऱ्या बसवर त्याची निम्मी नोकरी झाली. दिवसभर लोकांशी बोलून, भांडून, लोकांची भांडणं सोडवून तो घरी यायचा आणि घरी आल्यावर तेच सगळं मला करून दाखवायचा. कुठल्या बाईनं खिडकीवरून कुणाला काय सुनावलं, चुकीच्या बसमध्ये चढलेला म्हातारा उतरायलाच कसा तयार नव्हता, हे तो प्रत्येकाचा आवाज काढून सांगे. मी भाजी निवडत ऐकायचे. हसू आवरलं नाही की सुरी खाली ठेवायचे.

मी मुलुंडमध्येच एका मराठी शाळेत इंग्रजी शिकवत होते. त्याला याची मोठी गंमत वाटे. मला तो मास्तरीणबाई म्हणे. चारचौघांत मी त्याला ‘अहो’ म्हणायचे आणि घरात ‘तू’. तुझं इंग्रजी बाकावर बसलेलं असतं आणि माझं दांड्याला लटकलेलं, असं तो सांगायचा, आणि ते खरंही होतं. मला व्याकरण यायचं, त्याला बोलता यायचं. परदेशी पाहुणा बसमध्ये चढला तरी तो त्याला बरोबर जागी उतरवून, वर चहा कुठे चांगला मिळतो तेही सांगून मोकळा व्हायचा.

तो निवृत्त झाला त्याच वर्षी हे घडलं. रविवार होता. त्यानं बाजारातून बांगडे आणले होते आणि मोरीपाशी उभा राहून साफ करत होता. मासे साफ करायचं काम तो मला कधी करू द्यायचा नाही. सारस्वत नाहीस तू, देशावरची आहेस, तुला खवलं कुठलं आणि चामडी कुठली ते कळायचं नाही, असं काहीतरी तो नेहमी ऐकवायचा. खरं तर तोही सारस्वत नव्हता. त्या दिवशीही तो काहीतरी बडबडत होता, आणि मग सुरी खाली पडल्याचा आवाज आला. काय पाडलंस, असं मी बाहेरूनच विचारलं. उत्तर आलं नाही. आमच्या सगळ्या संसारात मी काही विचारलं आणि त्यानं उत्तर दिलं नाही, असं तोवर झालंच नव्हतं, म्हणून मी उठले. नळ चालू होता. तो एका हातानं ओटा धरून उभा होता आणि त्याचं तोंड उजवीकडे ओघळलं होतं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी समजावून सांगितलं की मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा अडला. उजवा पाय बहुतेक सुधारेल, हाताचं सांगता येत नाही, आणि बोलण्यासाठी थांबावं लागेल. किती थांबायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण त्या क्षणी तो जिवंत आहे एवढंच मला पुरेसं होतं.

काही दिवस त्याच्या तोंडातून नुसता घोगरा आवाज निघे. मग एका सकाळी नर्स त्याला चमच्यानं पाणी पाजत होती आणि तो स्वच्छ म्हणाला, “परत.” नर्सला वाटलं, त्याला आणखी पाणी हवंय. तिनं आणखी एक चमचा दिला. त्यानं तोंड फिरवलं आणि पुन्हा तेच म्हणाला. आमची मुलगी लग्नानंतर बोरिवलीला असते. मी तिला फोन केला, बाबा बोलला म्हणून. ती आली, त्याचा हात धरून रडली, आणि तो तिच्याकडे बघून म्हणाला, “परत, परत.” आम्हाला इतका आनंद झाला की त्याला काय हवंय हे विचारायचंही आम्ही विसरलो. एक शब्द आला म्हणजे बाकीचे मागून येतील असंच आम्ही धरून चाललो होतो.

मुलगी म्हणाली, त्यांना घरी जायचंय, परत घरी. ते मला पटलं. आम्ही त्याला घरी आणलं. गॅलरीशेजारी त्याची खुर्ची मांडली. तिथून खाली रस्ता दिसतो, बस दिसते. तो बसला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, “परत.”

मग ते रोजचंच झालं. पंखा बंद करायचा असेल तरी परत, भूक लागली तरी परत. शब्द एकच, पण त्यात त्याचे सगळे जुने आवाज होते. विचारायचा तेव्हा शेवट वर जायचा, चिडायचा तेव्हा तो शब्द दोन तुकड्यांत तोडायचा. कधी कधी दारात उभं राहून मला हाक मारावी तसं हळू म्हणायचा. मला समजलं नाही की डावा हात खुर्चीच्या दांड्यावर आपटायचा. मी एकामागून एक विचारत जायचे. पाणी? चहा? संडास? टीव्ही? कशावर तरी मान हलायची, आणि कधी कधी कशावरच हलायची नाही. तेव्हा तो डोळे मिटून घ्यायचा. तसे मिटलेले डोळे मला सगळ्यांत जास्त लागत.

त्याच्या डेपोतले एक जुने सोबती भेटायला आले. त्यांनी परत, परत ऐकलं आणि चहाचा कप हातात फिरवत राहिले. शेवटी म्हणाले, जन्मभर पुढे चला, पुढे चला ओरडला, आता परत म्हणतोय. विनोद करावा असं त्यांच्या मनात नसणार. पण नवरा हसला नाही, मीही हसले नाही. चहा अर्धा टाकून ते निघून गेले आणि पुन्हा आले नाहीत.

मग त्याचे मोठे भाऊ आले. हे माझे दीर मालवणजवळच्या गावी एकटेच राहतात. घर, थोडी माडाची बाग आणि एक जुनी होडी, जी आता दुसरेच कुणी चालवतात. वडील मुंबईत गिरणीत होते तेव्हा थोरल्याला गावी आजीजवळ ठेवलं आणि धाकट्याला मुंबईला आणलं, त्यामुळे दोघे भाऊ वेगवेगळे वाढले. पण भेटले की दोघांचं मालवणी असं सुरू व्हायचं की मला पाहुण्यासारखं बसावं लागे. दीर त्याच्यासमोर बसले, त्याचा तो शब्द ऐकला आणि लगेच म्हणाले, अगो, ह्येका गावाक परत जावचा आसा.

मला ते इतकं उघड वाटलं की आपल्याला आधी कसं सुचलं नाही असंच वाटलं. माणूस आजारी पडला की त्याला गाव आठवतं. जावयानं गाडीची सोय केली. नोव्हेंबरात, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही त्याला घेऊन गेलो. वाटेत त्याचे हाल झाले. पाय आखडला, एका धाब्यावर कपडे बदलावे लागले. मी मनात म्हणत होते, पोचलं की सगळं निवेल.

दुपारी पोचलो. दिरांनी अंगण सारवून घेतलं होतं आणि तुळशीजवळ त्याच्यासाठी आरामखुर्ची ठेवली होती. त्यानं घराकडे पाहिलं, माडांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं, आणि तो रडायला लागला. दिरांना वाटलं हे सुखाचं रडणं आहे. त्यांचेही डोळे भरले. पण रडता रडता तो म्हणत होता, “परत, परत, परत,” आणि डाव्या हातानं माझा पदर ओढत होता.

दोन दिवस आम्ही धीर धरला. समुद्रावर नेलं, तिथेही तेच. शेजारचे म्हातारे येऊन तो लहानपणी सुट्टीत यायचा तेव्हाच्या गोष्टी सांगून गेले. तो ऐकायचा. एखाद्या वेळी चेहऱ्यावर काहीतरी उमटायचं, आणि शेवटी पुन्हा तेच. निघायच्या आदल्या संध्याकाळी दीर पडवीत माझ्याजवळ बसले. मग म्हणाले, “ह्येका खंय परत जावचा आसा, ताच माका कळना नाय.” त्यांनी तोंड फिरवलं आणि ते बागेत निघून गेले. आम्ही मुंबईला आलो.

सुट्टी संपून शाळा सुरू झाली. त्याच्याजवळ सकाळी बसायला एक बाई मिळाल्या, म्हणून मी जाऊ शकत होते. दहावीच्या वर्गाला उपसर्ग शिकवायचे होते. दरवर्षी शिकवत आले तसा मी फळ्यावर आर आणि ई काढला, पुढे एक आडवी रेघ ओढली आणि विचारलं, ‘रि’ म्हणजे काय? वर्ग म्हणाला, पुन्हा. पुस्तकातही तसंच आहे. रिराइट म्हणजे पुन्हा लिहिणं, रिओपन म्हणजे पुन्हा उघडणं. मुलं आपापले शब्द सांगायला लागली. कुणी म्हणालं रेडी, म्हणजे पुन्हा ‘डी’. सगळा वर्ग हसला. मी सांगितलं की जिथे जिथे आर-ई दिसतं तिथे तिथे उपसर्ग असतोच असं नाही. मग मागच्या बाकावरून कुणीतरी रिटर्न सांगितलं. टर्न म्हणजे वळणं, मग रिटर्न म्हणजे पुन्हा वळणं का, असंही त्यानंच विचारलं. मी म्हणाले, नाही, मागे वळणं. मग रिकॉल, रिफंड, रिप्लाय. सगळीकडे ‘मागे’च येत होतं. फळ्यावर मी ‘पुन्हा’ लिहिलं होतं, त्याच्या शेजारी ‘मागे’ लिहिलं आणि सहज बोलून गेले की मराठीत या दोन्हींसाठी मिळून एक शब्द आहे, तो कोणता?

वर्ग एका आवाजात म्हणाला, “परत.”

परत ये आणि परत कर. परत देऊन टाक आणि परत एकदा सांग. मी वर्षानुवर्षं हा धडा शिकवत होते आणि तो शब्द माझ्या तोंडीच होता, पण दोन्ही कधी एकत्र फळ्यावर आले नव्हते. मी खडू घेऊन उभी राहिले. सकाळी निघताना दारात तोच शब्द ऐकून आले होते आणि आता सगळा वर्ग तोच म्हणत होता. मी मुलांना स्वाध्याय दिला आणि खुर्चीवर बसले. माझ्या भरलेल्या डोळ्यांकडे कुणाचं लक्ष गेलं नाही, की गेलं असूनही न दाखवण्याइतकी ती मुलं शहाणी होती, ते मला ठाऊक नाही.

त्या दिवसापासून मी त्या ‘रि’च्या मागे लागले. शाळेच्या ग्रंथालयात शब्दांच्या मुळांचा एक जाड कोश होता, तो घरी आणला. फोनवरही वाचायचे. हा उपसर्ग मुळात इंग्रजीचा नाहीच. तो लॅटिनचा. रोमन लोक गेले, त्यांची भाषा फ्रान्सात बदलत बदलत फ्रेंच झाली, फ्रेंच बोलणाऱ्यांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या शब्दांबरोबर हा ‘रि’ही तिथे उतरला. इंग्रजांनी काही काळ त्याच्या जागी आपला ‘अगेन’ जोडून शब्द करून पाहिले, ते टिकले नाहीत. उपरा होता तोच घरचा झाला. लॅटिनमध्ये त्याचा पहिला अर्थ ‘मागे’ असा होता. मागे येणारी गोष्ट दुसऱ्यांदा घडते, म्हणून ‘पुन्हा’ हा अर्थ त्यातूनच निघाला. पुढे स्वर आला तर त्याला मधे एक ‘ड’ लागायचा. रिडंडंट हा शब्द तसा झाला, आणि त्याच्या पोटात लाट आहे, परत परत उसळून काठाबाहेर सांडणारी. नको तितक्या झालेल्या वस्तूला किंवा नको असलेल्या माणसाला आपण तो शब्द लावतो. आणि लॅटिनच्या मागे हा ‘रि’ कुठून आला, ते नक्की कुणालाच सांगता येत नाही. तिथे सगळे कोश थांबतात.

हे सगळं मी नवऱ्याला सांगायला लागले. शाळेतून आल्यावर त्याला भरवायची वेळ असायची. घर इतकं शांत असायचं की चमच्याचा आवाजही मोठा वाटे. पूर्वी तो बोलायचा आणि मी भाजी निवडायचे. आता मी बोलायचे. रिमेन म्हणजे मागे राहणं, हे सांगितलं. रिस्पेक्टमध्ये वळून पाहणं आहे, गेलेल्या माणसाकडे आपण थांबून वळून बघतो ना, तसं. रिप्लाय म्हणजे घडी परत दुमडणं. रिमोर्स म्हणजे मनाला लागणारी टोचणी, पण मुळात तो परत घेतलेला चावा आहे. रिपीटमध्ये शोधणं आहे, मागणं आहे, जे एकदा मागितलं ते परत मागणं. तो भात गिळून माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, “परत.” मी समजायचे, परत सांग म्हणतोय. मग तोच शब्द मी पुन्हा समजावून सांगायचे. ते महिने वाईट असूनही बरे गेले. आम्ही दोघं काहीतरी बोलतोय असं मला वाटत होतं.

मुलीनं घाटकोपरची एक स्पीच थेरपिस्ट शोधून काढली. तरुण मुलगी, मराठी थोडं गुजराती वळणाचं, पण फार समजूतदार. पहिल्या दिवशी तिनं त्याला चित्रं दाखवली. कप, चावी, छत्री. प्रत्येक चित्रावर त्यानं एकच शब्द म्हटला. तिनं घाई केली नाही. मग तिनं बोटं वर करून एक, दोन असं सुरू केलं, आणि तो तिच्यामागे तीन, चार, पाच करत दहापर्यंत गेला. मी खुर्चीतून उठले. तिनं मला हातानं खाली बसायला सांगितलं. मग वारांची नावं. सोमवार तिनं म्हटला, बाकीचे त्यानं. तिनं मला विचारलं, ह्यांना रोजच्या सवयीचं पाठ असलेलं आणखी काय असेल. मी म्हणाले, बसचे थांबे.

तिनं म्हटलं, तुम्ही सुरुवात करून द्या. मी म्हणाले, मुलुंड चेकनाका. तो क्षणभर थांबला. मग त्याची मान ताठ झाली आणि त्याच्या जुन्या आवाजात, त्याच हेल काढलेल्या आवाजात, तो म्हणत गेला. मुलुंड, सोनापूर, भांडुप, कांजूर, विक्रोळी, घाटकोपर, कुर्ला. कुठेही अडखळला नाही. मी तोंडावर पदर धरून ऐकत होते. त्या खोलीत काही क्षण तो पूर्ण माणूस होता.

थेरपिस्टनं त्याला विचारलं, काका, आपण आत्ता कुठे आलोय? घाटकोपर म्हणायचं होतं. शब्द त्यानं आत्ताच उच्चारला होता. त्याचे ओठ हलले, कपाळावर आठ्या आल्या, आणि तो म्हणाला, “परत.”

मग तिनं त्याला बाहेर बाकावर बसवलं आणि मला आत थांबवलं. मी तिला विचारलं, ते थांबे त्याच्यात आहेत, मग हवे तेव्हा निघत का नाहीत. ती म्हणाली, पाठ असलेलं वेगळीकडून येतं. ते गाण्यासारखं असतं, एकदा लावलं की शेवटपर्यंत जातं. त्यातला एक शब्द सुटा काढून वापरायचा तर ते दार बंद आहे. मग मी धीर करून विचारलं, तो परत म्हणतो, त्याला कुठे जायचं असेल, काय परत हवं असेल.

तिनं टेबलावरची चित्रं गोळा करून बाजूला ठेवली. मग म्हणाली, “मॅडम, त्या शब्दाचा अर्थ शोधू नका. त्यांना म्हणायचं असतं काहीतरी वेगळंच. तोंडातून तेवढंच निघतं.”

“मग परतच का?”

“ते कुणाला माहीत नाही. कुणाचा ‘हो’ राहतो, कुणाची शिवी राहते. ह्यांचा हा राहिला. आमच्यात त्याला रिकरिंग अटरन्स म्हणतात, सारखा तोच येणारा उच्चार.”

रिकर. मी त्याच आठवड्यात तो शब्द पाहिला होता. त्यात धावणं आहे. परत धावत येणं. तिला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं आणि मी सांगितलंही नाही. मी फक्त विचारलं की मी घरी त्याला इतकं सांगते, ते त्याला कळतं का. तिनं खरं तेच सांगितलं. थोडं कळतं, सगळं नाही. लांब वाक्यं निसटून जातात. तुम्ही छोटं बोला, सावकाश बोला, आणि शब्दाकडे नाही, त्यांच्या सुराकडे लक्ष द्या.

घरी येताना रिक्षात तो माझ्या खांद्यावर टेकून झोपला. मी विचार करत होते. दिरांनी सारवलेलं अंगण, ती धाब्यावरची फरफट, वर्गात भरलेले माझे डोळे, आणि एवढे महिने ताटावर बसून मी उलगडून सांगितलेली मुळं. आम्ही सगळ्यांनी आपापला अर्थ त्या शब्दात भरला होता. त्याला बिचाऱ्याला कदाचित नुसता पंखा बंद करून हवा होता. कोश मी दुसऱ्या दिवशी शाळेत परत देऊन टाकला.

त्या दिवशी भरवताना मी काही बोलले नाही. तो थांबला. घास घेईना. माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग डाव्या हाताचं बोट माझ्या ओठांवर टेकवलं. त्याला रोमन लोक कळले नसतील, फ्रेंचही नाही. पण रोज या वेळी माझा आवाज होतो हे त्याला कळलं होतं. मग मी बोलायला लागले. उपसर्गांचं नाही. सोसायटीत पाण्याची टाकी फुटली ते सांगितलं, बाजारात मासेवालीशी माझं कसं वाजलं ते तिचा आवाज काढून सांगितलं. मला आवाज काढता येत नाहीत. त्यानं घास घेतला.

वर्षभर आम्ही घाटकोपरला जात राहिलो. ‘चा’ आला, म्हणजे चहा. ‘नाय’ आलं. एक अस्सल मालवणी शिवी आली, जी नेमकी जावयासमोर आली आणि तेवढ्यावर आम्ही सगळे किती हसलो. थेरपिस्ट म्हणाली, हे चांगलं चिन्ह आहे. दिरांना फोनवर शिवी ऐकवली, तेही हसले. मला थोडी आशा वाटायला लागली होती.

पुढच्या मार्चमध्ये त्याला दुसरा झटका आला. या वेळी मी शेजारी बसले होते आणि मला काही पडल्याचा आवाजही आला नाही. डॉक्टर रिकरन्स म्हणाले. तेच मूळ, तेच परत धावत येणं. शब्द कुठून आला हे ठाऊक असलं तरी त्याचा काही उपयोग नव्हता. दोन्ही बाजू गेल्या. गिळणं कठीण झालं, नळी घातली. आणि परत हा शब्दही गेला. जिच्यातून काही कळत नाही म्हणून मी इतकी रडले होते, ती हाक पुन्हा ऐकू यावी म्हणून मी त्याच्या तोंडाजवळ कान नेऊन बसायचे. थेरपिस्ट एकदा घरी येऊन गेली. तिनं त्याचा हात हातात घेतला, मला मिठी मारली आणि पुढची तारीख दिली नाही.

शाळेत मराठी माध्यमाच्या तुकड्या कमी होत चालल्या होत्या. मी मुदतीआधी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी मुलांनी फुलं दिली. मी दोन मिनिटं बोलले आणि घरी आले, कारण त्याची कूस बदलायची वेळ झाली होती.

आता तो पलंगावर असतो. डोळे उघडे असतात. कधी माझ्याकडे, कधी छताकडे. मुलगी सुट्टीच्या दिवशी बोरिवलीहून येते, त्याची दाढी करते. दर रविवारी दिरांचा फोन येतो. मी फोन त्याच्या कानाशी धरते. दीर बराच वेळ बोलतात. उधाण होतं, होडी वर काढून ठेवली, बांगडो गावलो नाय, फणस धरले. मधेच विचारतात, आयकतस मां? इकडून काही जात नाही. ते पुन्हा बोलायला लागतात. त्यांचा आवाज आता फार थकलाय. मी फोन कानाशी धरून उभी असते आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघते. तोंडाचा एक कोपरा कधी हलतो, की मला तसं वाटतं, मला सांगता येत नाही.

शेवटी दीर त्याला म्हणतात, आता तिच्याकडे दी. मी फोन घेते. ते विचारतात, “काय केल्यान त्यान? हसलो?”

मी त्यांना सांगते की हो, हसला.